कंट्री गाण्यांतला चंद्र कुणाचा असतो?

दूरदेशी
नमस्कार मंडळी. अमेरिकेत नॅशव्हिलजवळ राहायला येऊन ११ वर्षं झाली. ऑफिसला जाता-येता चाळीस-चाळीस मिनिटं गाडीत जातात आणि गाडीत कंट्री, म्हणजे इथलं गावाकडचं संगीत, लागलेलं असतं. पहिली दोन वर्षं मला ती सगळी गाणी सारखीच वाटायची. मग हळूहळू शब्द कळायला लागले आणि एक गोष्ट लक्षात आली, ती इथे विचारते.

या गाण्यांत चंद्र पदोपदी आहे, पण तो प्रेयसीचा चेहरा कधीच होत नाही. आपल्याकडे चंद्र म्हटला की चंद्रमुखी, मुखचंद्रमा, चंद्राची कोर. लहानपणापासून हे इतकं ऐकलंय की चंद्राला दुसरं काही काम असेल असं वाटतच नाही. इथला चंद्र मात्र भलतीच कामं करतो. बिल मन्रोच्या 'ब्लू मून ऑफ केंटकी'मध्ये, सोडून गेलेल्या माणसावर तुझा उजेड पडत राहू दे, एवढीच त्याला विनंती आहे. शिव्याशाप नाहीत, परत आणून दे असंही मागणं नाही. हँक विल्यम्सच्या 'आय एम सो लोनसम आय कुड क्राय'मध्ये चंद्रच ढगाआड तोंड लपवून रडतो. पॅट्सी क्लाइनच्या 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'मधली बाई मध्यरात्रीनंतर चांदण्यात हमरस्त्याने चालत त्याला शोधते. तिथे चंद्र म्हणजे पायाखालचं दिसावं एवढ्यापुरता उजेड.

मला हा चंद्र फार जवळचा वाटायला लागलाय. असं का झालं असेल? ऐकणाऱ्यांनी, वाजवणाऱ्यांनी, कधीच न ऐकलेल्यांनीसुद्धा लिहा.

अवांतर_काका
पहिला! विषय झकास. रात्री निवांत लिहितो. तोवर एवढंच, की आपला चांदोबा नात्याने मामा लागतो. मामाच्या तोंडाची उपमा बायकोला देणारे जगात आपणच.

मृण्मयी_क
काका, हसून हसून पुरेवाट.
दूरदेशी, 'ब्लू मून' मला माहीत आहे. बाबांकडे कॅसेट होती. पण त्यात शेवटी त्याला कुणीतरी भेटतं ना? चंद्र सोनेरी होतो वगैरे. ते विरहाचं कुठे आहे?

बॅन्जोवाला
मृण्मयीताई, ते वेगळं. तुम्ही म्हणताय ते रॉजर्स आणि हार्ट या न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या जोडीचं, १९३४चं. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण एल्व्हिस प्रेस्लीने १९५४ साली मेम्फिसच्या सन स्टुडिओत ही दोन्ही गाणी रेकॉर्ड केली.

मन्रोचं गाणं सप्टेंबर १९४६मध्ये रेकॉर्ड झालं. तेव्हा त्याच्या संचात गिटारवर लेस्टर फ्लॅट आणि बॅन्जोवर अर्ल स्क्रग्ज होते. ब्लूग्रास (कंट्रीचाच एक तारवाद्यांचा प्रकार) म्हणून आज जे ओळखलं जातं ते याच मंडळींनी घडवलं. मूळ गाणं वॉल्ट्झच्या ठेक्यात आहे, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, पाळणा हलवावा तसं. एल्व्हिसने ते उचलून चार मात्रांत दौडवलं आणि आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला घातलं. तो तेव्हा १९ वर्षांचा होता. मन्रो रागावला असेल असं वाटेल, पण त्याने त्याच वर्षी स्वतः पुन्हा रेकॉर्डिंग केलं. सुरुवात जुन्या तीन मात्रांत, आणि एक फेरी झाली की गाणं एकदम चार मात्रांत उसळतं. ती जागा हेडफोन लावून ऐका. तोच चंद्र, तेच शब्द, आणि चालत असलेलं दुःख अचानक पळायला लागतं. १९८८पासून ते केंटकी राज्याचं अधिकृत ब्लूग्रास गीत आहे.

आता मूळ प्रश्न. मन्रो जन्मला १९११ साली रोझीन नावाच्या गावात, आणि तरुणपणीच गाव सोडून भावांच्या मागे इंडियानातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपं हलवायला गेला. त्या काळी केंटकी-टेनेसीच्या डोंगरांतली पोरं अशीच शिकागो, डेट्रॉइट, अ‍ॅक्रन गाठायची. गाव तिकडे, आपण इकडे. गावचं काय दिसतं कारखान्याच्या आवारातून? चंद्र दिसतो. म्हणून तो केंटकीचा चंद्र. खरं तर चंद्राला राज्य कुठलं असणार? पण गाव सोडलेल्या माणसाला तो आपल्या गावचाच वाटतो.

(अवांतर : लग्नाच्या वरातीतला आपला 'बेंजो' हे बटणांचं वाद्य आहे, या बॅन्जोशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. मी पुण्यात बॅन्जो वाजवतो म्हटलं की लोक वरातीचे दर विचारतात.)

वऱ्हाडी_ठेचा
मी काही हे गाणे ऐकत नाही भाऊ. पण ब्लू म्हणजे निळा का उदास, हे सांगा आधी. निळा चंद्र मी तं आजवर पाह्यला नाही.

नक्षत्रवेडा
@वऱ्हाडी_ठेचा, दोन्ही. इंग्रजीत 'ब्लू' म्हणजे उदासही, आणि मन्रोच्या गाण्यात चंद्रही ब्लू आणि गाणाराही ब्लू. तो श्लेष मराठीत आणता येत नाही.

रंगाचं म्हणाल तर ज्वालामुखीच्या राखेमुळे किंवा वणव्याच्या धुरामुळे चंद्र खरोखर निळसर दिसू शकतो, पण ते फार क्वचित. क्वचित या अर्थाने तो शब्द इंग्रजीत जुनाच आहे. पंचांगातला 'ब्लू मून' निराळा. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या शेतकऱ्यांच्या पंचांगात, एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या की तिसरीला ते नाव होतं. मार्च १९४६मध्ये 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात एका हौशी खगोलप्रेमीने त्याचा चुकीचा अर्थ लावला आणि 'एका महिन्यातली दुसरी पौर्णिमा' अशी व्याख्या छापून आली. आज जगभर तीच चालते. म्हणजे मन्रोने गाणं रेकॉर्ड केलं त्याच वर्षी!

आणि हे आपल्याला परकं नाही. १९ वर्षांत ७ अधिक मास येतात, आणि असे निळे चंद्रही साधारण १९ वर्षांत ७. दोन्हींच्या मुळाशी एकच गणित आहे : चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, वर्ष सूर्याचं, आणि मेळ बसत नाही. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्याच ऑगस्टात दोन पौर्णिमा आल्या होत्या. आपल्याकडे अधिक मासात जावयाला वाण देतात, तिकडे त्याच चंद्रावर विरहगीतं लिहितात.

वऱ्हाडी_ठेचा
हे एक नंबर सांगितलं. जावयाचा चंद्र अन् विरहाचा चंद्र एकच!
पण निळा म्हटलं की मले तं कृष्णच आठवतो. उदासबिदास नाही.

गाथासप्तमी
ठेचाभाऊ, तुम्ही सहज बोललात पण तिथेच खरी गंमत आहे. ज्ञानेश्वरांची विरहिणी आठवा. तिला कृष्णावाचून चांदणं नको, चंदन नको, फुलांची शेज नको. जे एरवी गारवा देतं ते सगळं तिला पोळतं. आपल्या परंपरेतला विरहातला चंद्र असा आहे : तो छळतो. संस्कृत काव्यातही विरहिणी चंद्राला बोल लावतात. म्हणजे मीलनात तो तिचं मुख आणि विरहात वैरी.

कंट्रीतला चंद्र यातलं काहीच नाही. दूरदेशीने सांगितलेला तो ढगाआड रडणारा चंद्र मला धाग्यामुळे पहिल्यांदा कळला आणि काल रात्री दोनदा ऐकला. तो छळत नाही, त्याचं स्वतःचंच दुःख अनावर झालंय. असा चंद्र मला आपल्याकडे आठवत नाही. कुणाला आठवत असेल तर जरूर सांगा.

पाणकोंबडी
हँक विल्यम्सच्या त्या गाण्यात चंद्राच्याही आधी एक पक्षी येतो, व्हिपरविल. तो आपल्या रातव्याचा अमेरिकेतला भाऊबंद. रातवा ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी खडकाळ माळावर बसलं की चक चक चक सुरू होतं आणि पक्षी काही केल्या दिसत नाही, कारण तो पाचोळ्याच्या रंगाचा असतो. व्हिपरविलही तसाच, आणि चांदण्या रात्री तो जास्त वेळ ओरडत राहतो, कारण उडते किडे पकडायला त्याला उजेड लागतो. हँकचा पक्षी इतका खचलाय की उडतही नाही. मग आगगाडी, मग चंद्र. हे ज्याने लिहिलं तो रात्री बाहेर बसलेला माणूस आहे, खिडकीतून बघणारा नाही.

बॅन्जोवाला
पाणकोंबडी, प्रतिसाद फार आवडला. ते गाणं १९४९चं, सिनसिनाटीत रेकॉर्ड झालेलं, आणि रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं. त्यातली स्टील गिटार जेरी बर्डची. मांडीवर आडवी ठेवून तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवायची ही पद्धत हवाई बेटांवरून आली. सूर कुठेही तुटत नाही, घसरत जातो, म्हणून ती रडते असं वाटतं. पुढे हा जेरी बर्ड हवाईतच जाऊन राहिला आणि तिथल्या मुलांना त्यांचंच वाद्य शिकवत बसला.
हँक १ जानेवारी १९५३ला गेला, गाडीच्या मागच्या सीटवर, कार्यक्रमाला जाताना. वय २९.

तिसरी_घंटा
सगळे भारावून लिहिताहेत, म्हणून थोडी विरुद्ध बाजू.

बॅन्जोवाला म्हणतात कारखान्यातून गावचा चंद्र दिसतो. छान आहे, पण चंद्र-चांदणं हा त्या काळच्या शहरी गीतकारांचा ठरलेला माल होता. 'मून' ला 'जून', 'जून' ला 'स्पून', अशी यमकं न्यूयॉर्कमध्ये घाऊक पडायची आणि लोक त्याची टिंगलही करायचे. कंट्रीने तिथूनच बरंचसं घेतलं. व्हर्नन डलहार्टचं १९२४चं 'द प्रिझनर्स साँग' बघा, दहा लाखांवर खपलेली कंट्रीतली पहिली मोठी रेकॉर्ड. त्यात 'आज चांदण्यात एकटीच भेटायला ये' अशी विनवणी आहे. ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश दिवाणखान्यातल्या गाण्यातून आलेली. कार्टर कुटुंब या जुन्या कंट्री संचानेही ते चांदण्यातल्या भेटीचं गाणं गायलं आहे. तेव्हा हा अस्सल डोंगरी चंद्र वगैरे नाही. पियानोवरून उतरून बॅन्जोवर बसलेला आहे.

चेहऱ्याच्या उपमेचं म्हणाल तर इंग्रजीत चंद्र म्हणजे चंचल. ज्युलिएट रोमिओला बजावते की चंद्राची शपथ घेऊ नकोस, तो महिनाभर बदलत राहतो. अशा चंद्राची उपमा कोण देईल?

बॅन्जोवाला
उगम मान्य. पण 'प्रिझनर्स साँग'मध्ये ते कुणाच्या तोंडी आहे? कैद्याच्या! दिवाणखान्यात तो भेटीचा संकेत होता. तुरुंगात आला की तोच चंद्र गजांबाहेरचा होतो, भेट होणारच नाही. वस्तू कुठून आली एवढ्यावर थांबू नका. माझ्या आज्जीची गोधडी मिलच्या कापडाची होती, म्हणून ती काही मिलची झाली नाही.

तिसरी_घंटा
गोधडी मान्य. :)

वीजवाला
आयुष्य वीज खात्यात गेलं, म्हणून माझं लक्ष दुसरीकडे जातं. १९३५च्या सुमारास अमेरिकेतल्या शेतांवर, घरांत वीज किती होती? साधारण १० टक्के. ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना त्याच वर्षी सुरू झाली. मन्रो, हँक, जिमी रॉजर्स (कंट्रीचा आद्य गायक) ही सगळी माणसं कंदिलाच्या उजेडात वाढलेली. त्यांना चंद्र ही उपमा नव्हती, तो दिवा होता. पौर्णिमेला कापणी उशिरापर्यंत चालायची, म्हणून तिथे 'हार्वेस्ट मून' हा शब्द आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरातली ती पौर्णिमा. एरवी चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, पण त्या दिवसांत उत्तरेकडच्या प्रदेशात हा फरक अर्ध्या तासावर येतो. म्हणजे सूर्य मावळला की लगेच चंद्र हजर, सलग तीन-चार दिवस.

मी नोकरीला लागलो तेव्हा मराठवाड्यात एका वाडीवर लाइन टाकायला गेलो होतो. पोल उभे करून चार दिवस झालेले. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि एक म्हातारी बाहेर ओट्यावर बसून म्हणाली, "आता चांदणं कोण बघंल?" मला तेव्हा तिचा राग आला होता. आता येत नाही.

अवांतर_काका
वीजवाला, त्या म्हातारीला नमस्कार.

आलो परत. दोन गोष्टी. एक, चंद्राचं आणखी एक काम कुणी लिहिलं नाही : मूनशाइन. अबकारीवाल्यांना धूर दिसू नये म्हणून चांदण्यात गाळायची ती. आपली हातभट्टी. जॉर्ज जोन्सचं १९५९चं 'व्हाइट लाइटनिंग' तिच्यावरच आहे. म्हणजे तिकडे विरह आणि विरहावरचा उतारा दोन्ही एकाच दिव्याखाली तयार होत.

दोन, जिमी डेव्हिस. 'यू आर माय सनशाइन' ज्याच्या नावावर आहे तो. 'देअर्स अ न्यू मून ओव्हर माय शोल्डर' हेही त्याचंच. हा माणूस लुइझियानाचा दोनदा गव्हर्नर झाला, १९४४ला आणि १९६०ला. सूर्य-चंद्र दोन्ही खिशात घेऊन निवडणूक लढवल्यावर विरोधकांनी करायचं काय?

मृण्मयी_क
काका, तुम्ही धागा भट्टीवर नेलात.

मला मात्र दूरदेशीच्या पहिल्या प्रतिसादातलं मन्रोचं गाणं सोडवत नाहीये. जो सोडून गेला त्याच्यावर उजेड पडू दे म्हणणं. मी स्वतः एका तुटलेल्या नात्यातून बाहेर आले आहे, तपशील नकोत. तेव्हा जवळच्यांनी मला दोनच सल्ले दिले, विसर नाहीतर भांड. त्याचं भलं होवो असं मनापासून वाटणं हाही एक रस्ता आहे, हे कुणी बोललंच नाही. काल गाणं ऐकताना मन्रोचा तो उंच, पातळ, जवळजवळ किंचाळीच्या काठावरचा आवाज ऐकला आणि कळलं की हे शहाणपणाने म्हटलेलं नाही. दुखतंय तरीही म्हणतोय.

दूरदेशी
मृण्मयी, घट्ट मिठी. मी धागा काढला तो याच जागेसाठी, मला शब्द सापडत नव्हते.

वीजवाला, तुमच्या प्रतिसादावरून 'निऑन मून' आठवलं. ब्रूक्स अँड डन, १९९२, लिहिलं रॉनी डनने. रुळांपलीकडचा एक कळाहीन बार, अगदी मागे दोघांचं टेबल, त्यावर तो एकटा. वर चंद्र नाही, निऑनचा दिवा. तोच त्याचा चंद्र. तुमच्या म्हातारीचं म्हणणं इथे खरं झालं म्हणायचं. पण गंमत बघा, दिवा आला तरी त्याला नाव चंद्राचंच द्यावं लागलं. नॅशव्हिलच्या ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर रात्री चालताना मी एकदा मुद्दाम वर पाहिलं होतं. पौर्णिमा होती. निऑनच्या पाट्यांच्या वर, गिटारच्या आकाराच्या एका पाटीच्या मानेला टेकलेला चंद्र. कुणाचंही लक्ष नव्हतं. मी तिथेच थांबले आणि मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला. मग तोही पाहत उभा राहिला.

खडीसाखर
रोज वाचतेय, आज लिहिते. कंट्री मला कळत नाही, पण 'तोच चंद्र तिकडे दिसत असेल' हे मी नऊ वर्षं जगले आहे. आमचे हे मर्चंट नेव्हीत होते, इंजिन रूममध्ये. नव्वदच्या दशकात बोटीवरून फोन म्हणजे पगार जायचा. सहा-सहा महिने पत्रांवर. लग्नानंतर पहिल्या खेपेला जाताना ठरलं, पौर्णिमेला रात्री जेवणं झाली की चंद्र बघायचा, मी रत्नागिरीत अंगणात, त्यांनी डेकवर. आणि पत्रात लिहायचं, पाहिला. सासूबाईंना वाटायचं सून किती धार्मिक.

नक्षत्रवेडा
खडीसाखरताई, डोळ्यांत पाणी आणलंत. बोट आखातात किंवा सिंगापूरकडे असेल तर दोघांनाही तो एकाच वेळी दिसलेला असणार. अटलांटिकमध्ये असेल तर तुमची रात्र संपताना त्यांची सुरू. तरी चंद्र तेवढाच भरलेला.

गाथासप्तमी
मूळ प्रश्नाकडे येऊ? मला वाटतं फरक अंतराचा आहे. चेहऱ्याची उपमा द्यायला ती समोर लागते. अंगणात, झोक्यावर, निदान खिडकीत. या गाण्यांत ती समोर नाहीच. समोर कोण आहे? चंद्र. मग बोलणं त्याच्याशीच होणार.

तिसरी_घंटा
हे पटलं. माझी ज्युलिएट मागे घेत नाही, पण हे जास्त पटलं.

बॅन्जोवाला
+१. आणि अंतरावरून एक सांगतो, मग लेखनसीमा. एप्रिल १९७२मध्ये अपोलो १६मधून चार्ली ड्यूक चंद्रावर उतरला. वाढलेला दक्षिण कॅरोलिनात, कंट्रीचा दर्दी. त्याच्यासाठी मर्ल हॅगार्ड, बक ओवेन्स वगैरे कंट्री गायकांनी खास टेप करून दिली होती आणि ती यानात वाजली. म्हणजे ही गाणी चंद्रापर्यंत जाऊन आली आहेत. तिथे ड्यूकने घरच्यांचा फोटो, तो स्वतः, बायको आणि दोन मुलगे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धुळीवर ठेवला आणि परत आला. फोटो अजून तिथेच आहे.

वऱ्हाडी_ठेचा
हे गाणे लावतोच आता.

खडीसाखर
परत आले, एक सांगायचं राहिलं म्हणून. काल रात्री ह्यांना हा धागा वाचून दाखवला. हँक विल्यम्सचा चंद्र ढगाआड जातो तिथे आल्यावर हे गप्प झाले. मग म्हणाले, "एक सांगू? वॉच, म्हणजे इंजिनची पाळी, असली की मी खालीच असायचो. कित्येक पौर्णिमा मी पाहिल्याच नाहीत. पण तुला लिहायचो, पाहिला."

मग मीही सांगून टाकलं. रत्नागिरीचा पाऊस. ज्येष्ठापासून चार महिने मला तरी कुठे दिसला होता? तरी मी दर पौर्णिमेला अंगणात जायचे आणि छत्री मिटून आत येऊन लिहायचे, पाहिला.

आज सकाळी ट्रंक काढून पत्रं तारखेनुसार लावत बसलोय.